सुकती ते सुकती

पंचांगात मी सणवार बघत नाही, तिथी बघते.
अष्टमीला भांग, पाणी ना धड येतं ना धड जातं.
पुनवेला, अवसेला खाडी अशी ओसरते
की मधली वाळू पाठ वर काढते
आणि आम्ही सातजणी
कमरेएवढ्या पाण्यात
पायाच्या अंगठ्याने मुळे चाचपतो.

नेमकी त्याच दिवसांत माझी पाळी.
अठरा वर्षं.
बाकीच्या टोपल्या भरून यायच्या,
मी पडवीत.
एकदा पॅड लावून उतरले,
ते पाणी पिऊन केंडासारखं फुगलं,
मिठाने मांड्या सोलून निघाल्या.
चढणीवर रुक्मा म्हणाली,
काटो लागलो काय गो?
हो म्हटलं. काटोच.

रापणीत एकदा मासळीबरोबर असलंच एक आलं.
पुरुषांनी काठीने उचलून लांब भिरकावलं.
कुणाचं, कुणी विचारलं नाही.
आम्ही मात्र मान खाली घालून
जाळ्यातला पाला वेचत बसलो,
जसं काही प्रत्येकीचंच होतं ते.

मग भाची आली, रुणाली, ओरोसला नर्सिंग शिकते.
तिने पिशवीतून काढला
मऊ, अर्धपारदर्शक, तळाला शेपटी असलेला कप.
म्हटलं, ह्यात चहा पिऊ की काय?
ती हसली नाही. हात धुवायला लावले,
नखं बघितली. कालवं फोडणारीची नखं.
आधी ही काप, म्हणाली.

पहिल्या दिवशी घडी घातली
आणि तो बोटांतून बेडकीसारखा उडाला,
न्हाणीत, पिंपामागे.
पुन्हा धुतला. पुन्हा उडाला.
खिळ्याची कडी लावलेल्या त्या दाराआड
मी उकिडवी बसून रडले, मग हसले,
मग अंग सैल सोडलं,
आणि तो आत गेला, उघडला.
बोट फिरवून बघितलं, कड गोल लागली होती.

काढताना शेपटी धरून ओढलीस तर मरशील, मावशे,
रुणालीने बजावलं होतं.
आधी बूड चिमटायचं, हवा शिरू द्यायची.
हे मला लगेच कळलं.
खडकाला चिकटलेलं काही
ओढून कधी सुटलंय?

आणि आत बघितलं तर एवढंच?
दोन-तीन चमचे.
एवढ्याशासाठी मी अठरा वर्षं
एवढी खाडी सोडून बसले होते?

बारा तासांच्या वर ठेवू नकोस, ती म्हणाली होती.
मोबाईल घेऊन पाण्यात कोण उतरतं?
पण एका सुकतीपासून दुसऱ्या सुकतीपर्यंत
बारा तास आणि वर थोडे,
हे मला आईच्या पोटातून माहीत.
भरती भरून पाणी परतायला लागलं
की मी न्हाणीत जाते.
पहिले दोन दिवस त्याच्याही आधी.

त्या अवसेला मी पाण्यात होते.
पावलीनने टोपली सरकवून जागा दिली,
काही विचारलं नाही.
दीड पायली मुळे निघाले.
संध्याकाळी दोनदा मागे वळून लुगडं बघितलं,
सवय. काही नव्हतं.

पाळी सरली की उकळायचा,
बुडेल एवढ्या पाण्यात, पाच-सात मिनिटं,
मग सुकवून सुती पिशवीत, बंद डब्यात नाही.
त्यासाठी वेगळं टोप घेतलं, कान तुटलेलं.
सासूबाई चुलीशी आल्या.
काय शिजता गो ह्यां?
ह्या बाईने मला गोठ्यालगत तीन-तीन रात्री झोपवलंय,
स्वतःही तिथेच झोपली होती.
मी सांगितलं. सगळं, आत कुठे जातो तेही.
त्या काही न बोलता बाहेर गेल्या.

तेवढ्यात मुळ्यांचा व्यापारी टेम्पोचा भोंगा वाजवत आला,
वजनावरून हुज्जत झाली,
टोप माझ्या ध्यानातून गेलं.
धावत आले तर जाळ बारीक केलेला,
पाणी पुन्हा वरपर्यंत.
सासूबाई पाटावर, पाठमोऱ्या, खोबरं किसत.

आटलेलां, मियां घातलंय.
मग थोड्या वेळाने:
केवड्याक घेतलंस?
साडेतीनशे.
किती वर्सां टिकात?
दहा म्हणतात.

किसणी थांबली.
बोटांच्या पेरांवर अंगठा फिरला,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून.

म्हाग नाय, म्हणाल्या.